काळोखातली जाळी

अंगणात पडून राहिलेली फरशी उचलली, की खाली गवताचे लांबुळके, पिवळट, अंगात बळ नसल्यासारखे कोंब आडवेतिडवे पसरलेले दिसतात. पाहणाऱ्याला कणव येते. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. वर्गात ह्या पिवळेपणाचं स्पष्टीकरण आम्ही एका दमात उरकत असू. प्रकाश नाही, म्हणून हरितद्रव्य नाही, म्हणून हिरवा रंग नाही. तीनदा ‘नाही’ म्हटलं की मुद्दा संपला, विद्यार्थ्याच्या पदरात दोन गुण पडले. त्या नकारांच्या पलीकडे पिवळ्या पानाच्या पेशीत असतं तरी काय, हे पाठ्यपुस्तकात एखाद्या ओळीपुरतं येई आणि जाई. मला मात्र त्या ओळीनं धरून ठेवलं. झाडाच्या अख्ख्या शरीरात पटलांची सर्वांत रेखीव, सर्वांत नियमबद्ध रचना कुठं सापडते असं कुणी विचारलं, तर मी भर उन्हातल्या हिरव्यागार पानाकडे बोट दाखवणार नाही. फरशीखालच्या ह्या कोंबाकडे दाखवीन.

आधी त्याच्या वरवरच्या रूपाबद्दल. अंधारात उगवलेलं रोप दुबळं नसतं, हिशेबी असतं. बियाण्यात आईनं बांधून दिलेली शिदोरी मोजकी. वर माती किती आहे, ठाऊक नाही. अशा वेळी पानं उघडण्यात काही हशील नाही, मुळं पसरण्याचीही घाई नाही. सगळा खर्च उंचीवर करायचा. म्हणून खोड ताणलं जातं, पानं मिटलेली राहतात, वाल-मूग अशा द्विदल रोपांचा शेंडा खाली वाकलेला राहतो, माती दुभंगताना कोवळी टोकं घासली जाऊ नयेत म्हणून. ही उपासमारीची लक्षणं आहेत असं कुणाला वाटलं, तर १९८९ साली अमेरिकेत सापडलेल्या एका रोपाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. अरॅबिडॉप्सिस नावाच्या, मोहरीच्या कुळातल्या लहानशा तणाचा तो उत्परिवर्तित वाण. त्याचं एक जनुक बिघडलेलं होतं, आणि तेवढ्यानं ते रोप मिट्ट काळोखातही उजेडात असल्यासारखं वागू लागलं: बुटकं खोड, उघडलेली दलं, लवकांची ठेवणही बरीचशी उजेडातल्यासारखी. एक जनुक मोडलं तर अंधारातलं रूप हातचं जातं, याचा अर्थ ते रूप आपोआप घडत नाही. रोपाला ते राखावं लागतं.

आता आत जाऊ. अंकुराच्या प्रत्येक कोवळ्या पेशीत काही इवली, रंगहीन लवकं असतात. त्यांचं पुढं काय व्हायचं हे ठरलेलं नसतं. उजेड मिळाला तर त्यांची हरितलवकं होतात. आत थायलाकॉइड नावाची चपटी पटलं, ठिकठिकाणी त्यांच्या चळती. उजेड नसेल तर तीच लवकं दुसऱ्या वाटेनं जातात. ती वाढतात, फुगतात, पण चळती रचत नाहीत. अशा लवकाला एटिओप्लास्ट म्हणतात. त्यात ल्युटिनसारखी कॅरोटिनॉइड द्रव्यं असतात. हिरवा रंग त्यांना झाकायला नसतो, म्हणून कोंब पिवळा. आणि त्या लवकाच्या पोटात एक किंवा काही थोड्या गाठोड्यासारख्या रचना असतात, एक-दोन मायक्रोमीटर आकाराच्या. त्या गाठोड्याचं नाव प्रोलॅमेलर बॉडी. तिच्या कडांपासून काही विरळ सपाट पटलं किरणांसारखी बाहेर गेलेली असतात, भावी थायलाकॉइडांची पहिली पानं.

१९५०च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक वनस्पतिशास्त्रज्ञांच्या हाताशी आला, तेव्हा ही गाठोडी पहिल्यांदा दिसली. पाहणाऱ्यांना ती स्फटिकासारखी वाटली आणि ते साहजिकच होतं. छेद एका दिशेनं घेतला तर षटकोनांची जाळी दिसे, दुसऱ्या दिशेनं घेतला तर चौकोनांची, तिसऱ्या दिशेनं समांतर रेघा. सजीव पेशीत इतकी भूमिती सहसा दिसत नाही. प्रथिनांचे स्फटिक दिसतात, स्टार्चचे कण दिसतात. पण पटल म्हणजे मेदद्रव्याचा दोन पदरी, लवचीक, वाहता पडदा. तो असा काटकोनात आणि षटकोनात का बसावा? १९६५ साली ब्रायन गनिंग ह्या तेव्हा बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात असलेल्या संशोधकानं अशा छेदांवरून तिसरी मिती उभी केली. जाळी नळ्यांची होती. अशा जाळीत सहसा प्रत्येक सांध्यावर चार नळ्या एकत्र येतात, हिऱ्यातल्या कार्बन अणूला चार बंध ज्या कोनांत फुटतात त्याच कोनांत. ह्या नळ्यांची जाडी २०-२५ नॅनोमीटरच्या आसपास. पुढं गनिंग ऑस्ट्रेलियात कॅनबेराला गेले, पेशीविज्ञानात इतर पुष्कळ कामं केली, आणि २००१ साली पुन्हा ह्याच जाळीच्या भूमितीवर एक सविस्तर शोधनिबंध लिहिला. मधे छत्तीस वर्षं गेली होती. एखाद्या आकृतीनं माणसाला इतकी वर्षं सोडू नये, ह्याचं मला फार अप्रूप वाटतं. शास्त्रज्ञांची चरित्रं लिहिणारे पुरस्कारांच्या याद्या देतात. असे परत फिरलेले पाय कुणी मोजत नाही.

त्या भूमितीत एक मौज आहे, तीवर जरा थांबायला हवं. १९व्या शतकात हेरमान श्वार्ट्‌झ ह्या जर्मन गणितज्ञानं काही पृष्ठभाग मांडले. कमीत कमी क्षेत्रफळात ताणून बसणारे, साबणाच्या फेसाच्या पातळ पडद्याला जो नियम लागू पडतो तोच पाळणारे, आणि तिन्ही दिशांना पुन्हा पुन्हा त्याच घडणीनं पसरत जाणारे. त्यांतल्या एकाचा सांगाडा हिऱ्याच्या जाळीचा. असा पृष्ठभाग अवकाशाचे दोन हिस्से करतो. दोन्ही हिस्से अखंड, एकमेकांत गुंतलेले. एका हिश्शातला प्रवासी आपल्या हिश्शात कुठूनही कुठंही जाऊ शकतो, पण पृष्ठभाग भेदल्याखेरीज दुसऱ्या हिश्शात जाऊ शकत नाही. प्रोलॅमेलर बॉडीचं पटल ह्याच घराण्यातलं आहे. नळ्यांच्या आतली पोकळी हा एक हिस्सा, नळ्यांच्या भोवतीचा लवकरस हा दुसरा. श्वार्ट्‌झ कागदावर काम करत होते. गव्हाचा कोंब हे काम मातीखाली, त्यांच्या कितीतरी आधीपासून करत आला आहे, आणि करून झाल्यावर मोडून टाकत आला आहे.

मोडण्याचं पुढं येईलच. आधी हा आकार येतो कुठून? निम्मं उत्तर मेदद्रव्यात आहे. लवकांच्या पटलात फॉस्फोलिपिडांपेक्षा गॅलॅक्टोज साखर जोडलेली मेदं अधिक असतात, आणि त्यांतलं सर्वांत मुबलक जे आहे त्याचे रेणू एका टोकाला निमुळते. असे रेणू सपाट बसायला नाखूश असतात. पटलाला वळायला लावतात. उरलेलं निम्मं उत्तर एका विकरात आहे, आणि हे विकर म्हणजे ह्या सगळ्या गोष्टीचा गाभा आहे. त्याचं पूर्ण नाव तोंडभर लांब आहे. प्रयोगशाळेत त्याला नुसतं पॉर म्हणतात. हरितद्रव्य तयार होण्याच्या लांबलचक साखळीत शेवटून दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर प्रोटोक्लोरोफिलाइड नावाचा रेणू येतो. त्याच्या एका कड्यातला एक दुहेरी बंध सुटून तिथं हायड्रोजनचे दोन अणू बसले, की त्याचं क्लोरोफिलाइड होतं. मग एक लांब शेपूट जोडलं की हरितद्रव्य. एवढा एक बंध सोडवणं हे पॉरचं काम. आणि हे काम ते फक्त उजेडात करतं. सजीवांमधली हजारो विकरं अंधार-उजेडाचा विचार न करता कामं करतात. प्रत्येक क्रियेला प्रकाशकणच लागतो अशी विकरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. डीएनएची मोडतोड दुरुस्त करणारं एक आहे, आणखी एखाददुसरं, आणि हे पॉर.

काळोखात पॉर रिकामं बसत नाही. ते प्रोटोक्लोरोफिलाइडचा रेणू पोटाशी धरतं, हायड्रोजन पुरवणारा सहकारी रेणूही धरतं, आणि तिथं थांबतं. सगळा सरंजाम जागेवर. फक्त ठिणगी हवी. प्रोलॅमेलर बॉडीत सर्वांत जास्त असलेलं प्रथिन हेच. २०२१ साली दोन वेगवेगळ्या गटांनी, म्हणजे पोलंडमधल्या क्राकोच्या यागिएलोनियन विद्यापीठातल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांसह आणि फ्रँकफुर्टच्या माक्स प्लांक जीवभौतिकी संस्थेतल्या गटानं, नमुने गोठवून घेतलेल्या इलेक्ट्रॉन-चित्रांत पॉर प्रत्यक्ष कसं बसलेलं असतं ते पाहिलं. पॉरचे रेणू एकमेकांना धरून नळीभोवती मळसूत्रासारखे गुंडाळलेले होते. नळीला नळीपण देण्यात ह्या विळख्याचा हात आहे. म्हणजे उजेडाची वाट पाहणारं विकर आणि वाट पाहण्याची वास्तू, ह्या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभी राहिले होते. निवृत्तीनंतर विषय सुटतो म्हणतात. तो सुटत नाही, फक्त परीक्षा सुटतात.

अंधारातल्या रोपांवर काम करणाऱ्यांची एक रीत आहे. खोली पूर्ण बंद, आणि पाहायला मंद हिरवा दिवा. कारण हिरवा प्रकाश प्रोटोक्लोरोफिलाइड सर्वांत कमी टिपतं, रोपाची उजेड ओळखणारी प्रथिनंही त्याला फारशी दाद देत नाहीत. त्या दिव्याखाली सगळंच हिरवं दिसतं. जी रोपं मुळीच हिरवी नाहीत, त्यांच्यासकट. नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी मी हीच गंमत दाखवत असे. दार उघडून व्हरांड्यात आणल्यावर ती रोपं पिवळी दिसत, आणि त्यांच्या पिवळेपणाकडे नीट पाहायला वेळ मिळायच्या आत आतलं काम सुरू झालेलं असे. काही मुलांना हे पटत नसे. डोळ्यांदेखत काहीच घडत नव्हतं ना!

घडत असतं ते असं. प्रकाशाचा एक लखलखाट, काही सहस्रांश सेकंदांचा, पॉरच्या पोटाशी धरलेले पुष्कळसे रेणू बदलायला पुरतो. बंध सुटतो, हायड्रोजन बसतो. क्लोरोफिलाइड झाल्यावर विळखा सैल पडायला लागतो. जपानच्या काझुओ शिबाता यांनी १९५७ साली नोंदवलं, की नुकत्याच तयार झालेल्या रंगद्रव्याचा प्रकाश टिपण्याचा पट्टा पुढच्या काही मिनिटांत हळूहळू निळ्याकडे सरकतो. आपल्या डोळ्यांना न कळणारी ही सरकण अजून त्यांच्या नावानं ओळखली जाते. तिचा अर्थ असा लावतात, की रंगद्रव्य पॉरला सोडून नव्या जागी जायला निघालं. त्यानंतर जाळीची शिस्त बिघडते. षटकोन विस्कटतात, नळ्या वाकड्यातिकड्या होतात. तास-दोन तासांत स्फटिक म्हणावं असं काही उरत नाही. मग पानाला हिरवी झाक चढते, आणि पटलं चळती रचू लागतात.

जाळीतून चळत कशी होते, ह्यावर बरीच वर्षं वेगवेगळी मतं होती. एक जुनं मत असं, की नळ्यांचे तुकडे होऊन बुडबुडे सुटतात आणि ते बुडबुडे जुळून नवी पटलं घडतात. सपाट छेदांत तुटक गोल दिसत, त्यामुळं ते खरंही वाटे. २०१६ साली वॉर्सा विद्यापीठातल्या गटानं लाल फुलांच्या घेवड्याच्या रोपांत हा प्रवास तीन मितींत टप्प्याटप्प्यानं पाहिला, तर तुटणं कुठं नव्हतंच. नळ्या सलग राहूनच चपट्या होत होत्या, सच्छिद्र पट्ट्यांच्या होत होत्या, आणि त्याच पट्ट्या थायलाकॉइड होत होत्या. आपण घर बांधताना परांची उभारतो आणि घर झालं की ती उतरवतो. इथं परांचीच घर होते. पटलाचा एक तुकडासुद्धा वाया गेलेला नसतो.

त्या घराची अंतर्गत वाटणी कशी असते, ह्याच्या शोधात एका मराठी नावाचा वाटा आहे, तो वर्गात सांगताना मला नेहमी बरं वाटे. प्रफुल्लचंद्र विष्णू साने, पुढं लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेचे संचालक झाले ते. १९७० साली कॅलिफोर्नियात बर्कलीला रॉडरिक पार्क यांच्याबरोबर काम करताना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी थायलाकॉइडं साबणासारखं कोणतंही द्रव्य न वापरता, नुसत्या दाबानं फोडली आणि चळतींचा भाग एकीकडे, चळतींना जोडणाऱ्या सुट्या पटलांचा भाग दुसरीकडे असा वेगळा केला. प्रकाश टिपणाऱ्या दोन यंत्रणांपैकी सुट्या पटलांत प्रकाशयंत्रणा क्रमांक एक होती, चळतींत तिच्याबरोबर क्रमांक दोनही. हिरव्या पानातली पटलं एकसारखी दिसत असली तरी त्यांत मोहल्ले आहेत, हे त्यातून पक्कं होत गेलं. अंधारातल्या जाळीत असे मोहल्ले नाहीत. प्रकाशयंत्रणा नाहीतच, कारण त्यांना लागणारं हरितद्रव्य नाही. पण एटीपी हे पेशीचं ऊर्जाद्रव्य घडवणारं यंत्र मात्र जाळीबाहेरच्या त्या विरळ सपाट पटलांवर आधीच येऊन बसलेलं असतं. वीज यायच्या आधी गिरणी बसवून ठेवण्याचा हा प्रकार सगळ्या पेशींना सुचतो, असं नाही.

हे सगळं परदेशी प्रयोगशाळांतलं झालं. पण अंधुक उजेडात पिवळं धान उगवण्याचा प्रयोग महाराष्ट्रात दर वर्षी लाखो घरांत होतो, आणि तो करणाऱ्यांना प्रयोगशाळा लागत नाही. घटस्थापनेला परडीत नाहीतर पत्रावळीवर शेतातली काळी माती, तीत गहू, ज्वारी, मका, हरभरा, मूग असं धान, मधोमध घट, वर विड्याची पानं आणि नारळ, रोज एक माळ. माझ्या आत्याकडे घट बसत ते माजघरातल्या देवळीजवळ. तिथं खिडकी नव्हती. सकाळी ती हातानं पाणी शिंपडायची आणि कोंबांची उंची नजरेनंच जोखायची. ‘‘धान तरारलं की साल बरं जातं बघ,’’ असं तिचं म्हणणं. बियाणं कसं निघेल ते पेरणीआधी पारखायची ही जुनी सोय असावी असं अनेकजण म्हणतात, आणि रब्बीच्या तोंडावर ते पटण्यासारखं आहे. तिला तसलं स्पष्टीकरण नको होतं. धान पिवळं धमक आलं की ती खूश.

त्या धानाच्या पेशीत प्रोलॅमेलर बॉडी असणार, पण पाठ्यपुस्तकातल्या चित्राइतकी नेटकी नसणार. कारण घटाशेजारी अखंड दिवा असतो. तेलाच्या ज्योतीत निळा प्रकाश फार थोडा, पण तांबडा बराच. आणि प्रोटोक्लोरोफिलाइड निळ्याबरोबर तांबडाही टिपतं. समईचा उजेड आपल्याला वाचायला पुरत नाही, पॉरला थोडंसं काम करायला पुरतो. दिव्याकडच्या अंगाचं धान मागच्या बाजूपेक्षा किंचित पोपटी असायचं, हे मी लहानपणी पाहिलेलं आहे. त्याचं कारण कळायला बरीच वर्षं जावी लागली. म्हणजे तिथली जाळी थोडी बांधली जात होती, थोडी उकलत होती, दोन्ही एकाच वेळी. शास्त्रज्ञ ह्याला अशुद्ध प्रयोग म्हणतील. मला तो जास्त खरा वाटतो.

दसऱ्याला घट उठतात. धान खुडून देवाला वाहतात, पुरुष टोपीत नाहीतर फेट्यात खोचतात, बायका केसांत माळतात, आणि सगळे बाहेर पडतात. माजघराच्या उंबऱ्याबाहेर ऑक्टोबरचं ऊन. त्या उन्हात पाऊल पडताक्षणी टोपीतल्या तुऱ्यात, होतं नव्हतं तेवढं सगळं तयार प्रोटोक्लोरोफिलाइड बदलून गेलेलं असतं. माणसांचं सीमोल्लंघन संध्याकाळी. धानाचं सकाळीच उरकतं. संध्याकाळपर्यंत ती पाती मलूल होतात, पण त्याआधी काहींना हिरवी झाक चढलेली असते. खुडलेलं आहे, मुळं नाहीत, उद्या निर्माल्य होणार आहे, ह्याची दखल लवक घेत नाही.

इथवर वाचून कुणाला वाटेल, की काळोखात जितकी तयारी जास्त तितकं बरं. तसं नाही, आणि ह्या विषयातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ती आहे. पॉरनं न धरलेलं, मोकळं फिरणारं प्रोटोक्लोरोफिलाइड घातक असतं. प्रकाश त्याला चेतवतो, आणि ती ऊर्जा रसायनात वापरली जात नसल्यानं ते जवळच्या ऑक्सिजनला देऊन टाकतं. चेतलेला ऑक्सिजन पटलं जाळतो. म्हणून रोप एक जकात-नाकं ठेवतं. प्रोटोक्लोरोफिलाइड पुरेसं जमलं, की एक प्रथिन साखळीच्या अगदी सुरुवातीलाच पुरवठा थांबवतं. २००१ साली झ्युरिकमधल्या क्लाउस आपेल यांच्या गटानं अरॅबिडॉप्सिसचा असा वाण जगापुढं ठेवला, ज्यात हे प्रथिन निकामी आहे. तो सतत उजेडात वाढवला तर ठणठणीत असतो. पण त्याचं बी काळोखात रुजवून मग रोप उजेडात आणलं, की ते पांढरं पडून मरतं. ज्या पहाटेसाठी एवढी बेगमी केली, तीच मारते. निरोगी रोपांतही अंधार फार लांबला की हा तोल ढळतो, आणि उजेडात आणलेलं रोप हिरवं होण्याऐवजी करपतं.

तेव्हा ती सुंदर जाळी सौंदर्यासाठी नाही. धोकादायक माल पॉरच्या हातात पक्का धरून ठेवायची ती जागा आहे. प्रकाशकण आला तर त्याची शक्ती बंध सोडवण्यात जावी, जाळण्यात नाही. ह्याला पुरावाही आहे. अरॅबिडॉप्सिसच्या दुसऱ्या एका वाणात अंधारात जाळी बनतच नाही आणि पॉरही फार कमी असतं. तो उजेडात आणला की होरपळतो. १९९८ साली त्याच वाणात जास्तीचं पॉर घडवून आणलं, तर जाळी पुन्हा उभी राहिली आणि रोपाचं होरपळणंही कमी झालं. विकर दिलं, वास्तू आपसूक आली.

एक आक्षेप मात्र प्रामाणिक आहे आणि तो मी स्वतः वर्गात मांडत असे. दिवसचे दिवस मिट्ट काळोख निसर्गात कुठं असतो? बी रुजतं ते बोटभर मातीत. दोन-चार दिवसांत कोंब वर येतो. इतकी परिपूर्ण स्फटिकं म्हणजे प्रयोगशाळेच्या कपाटानं जन्माला घातलेली चीज नव्हे कशावरून? बुडापेस्टच्या काटालिन शोयमोशी आणि बेला बोड्डी यांनी ह्या प्रश्नाचा पाठपुरावा केला, आणि त्यांचं उत्तर मला फार आवडतं, कारण ते थेट मंडईत येतं. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर २००४ साली कोबीच्या गड्ड्याची एकेक पान सोलून तपासणी केली. बाहेरची पानं हिरवी, त्यांत नेहमीची हरितलवकं. आत जावं तसं पान पानाला झाकत जातं, उजेड गाळला जातो, आणि गाभ्यातल्या पांढुरक्या पानांत प्रोटोक्लोरोफिलाइडही होतं आणि प्रोलॅमेलर बॉडीही. कोबी चिरताना जो पिवळट गाभा आपण कोशिंबिरीसाठी बाजूला ठेवतो, तो मातीखाली नव्हे, स्वतःच्याच पानांच्या काळोखात वाढलेला असतो. झाडांच्या मिटलेल्या कळ्यांमध्येही, जाड खवल्यांच्या आत, हाच प्रकार. म्हणजे वनस्पती स्वतःसाठी काळोख तयारही करतात. आणि दिवस-रात्रीच्या चक्रात वाढणाऱ्या कोवळ्या पानांत रात्रीतून छोट्या प्रोलॅमेलर बॉडी पुन्हा उभ्या राहतात, सकाळी विरतात. उद्या मोडायची म्हणून आज बांधायची टाळत नाहीत.

शेवटचा प्रश्न उरतो तो फुलझाडांच्या अट्टहासाचा. हा बंध सोडवायला उजेड लागलाच पाहिजे असं रसायनशास्त्र म्हणत नाही. प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवाणूंकडे एक दुसरं विकर आहे, ते अंधारातही हे काम करतं. हवेतला नायट्रोजन स्थिर करणाऱ्या विकराशी त्याचं जवळचं नातं, आणि त्याच्यासारखीच खोडही: ऑक्सिजन लागला की ते बिघडतं. नील-हरित जीवाणूंनी ऑक्सिजन सोडायला सुरुवात केल्यावर पॉरसारखं, ऑक्सिजनला न जुमानणारं विकर पुढं आलं असावं, हा तर्क त्यामुळं पटतो. बराच काळ दोन्ही विकरं सोबत नांदली. शेवाळांत, नेच्यांत, बहुतेक सूचिपर्णी झाडांत अजून दोन्ही आहेत. फुलझाडांनी मात्र अंधारातलं विकर घडवणारी तिन्ही जनुकं गमावली. गहू, आंबा, बाभूळ, कोबी, सगळ्यांनी. माझं मत विचाराल, तर गमावलं हा शब्द थोडा पक्षपाती आहे. ऑक्सिजनमध्ये बिघडणारं यंत्र जवळ बाळगणं महाग पडत असणार, आणि उजेडात वाढणाऱ्या रोपाला त्याचं काम फारसं पडत नसणार. पण त्यानंतर हिरवं व्हायला उजेडाशिवाय दुसरा मार्ग उरला नाही, हेही खरं.

पाइनचं बी अंधारात रुजवलं तर त्याची दलं बऱ्यापैकी हिरवी उगवतात. मला हे पहिल्यांदा कुणी सांगितलं तेव्हा विश्वास बसला नव्हता. सह्याद्रीतल्या माणसाला पाइनची सवय नसते. मग वाटलं, ज्याला काळोखातच हिरवं होता येतं त्याला जाळीची काय गरज? त्या दलांचे छेद पाहिले तर हिरवी थायलाकॉइडं आहेत, छोट्या चळतीही आहेत, आणि त्यांच्या शेजारी, त्याच लवकात, प्रोलॅमेलर बॉडीही आहे. चारचार नळ्यांचे सांधे, तीच हिऱ्याची जाळी, आणि नळ्यांवर तेच पॉर. उजेड आला की पाइनमधलीही ती जाळी गव्हातल्यासारखीच सुटते.